मशीनवर दोरा का तुटतो? आधी तुटलेलं टोक पाहा

शिवता शिवता दोरा तुटला, की बहुतेकांचा हात आधी टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या स्क्रूकडे जातो. स्क्रू अर्धा फेरा सैल केला जातो, वीतभर टीप नीट पडते, दोरा पुन्हा तुटतो, पुन्हा अर्धा फेरा. शेवटी तुटायचा थांबतो खरा, पण कापड उलटून पाहिलं तर मागे सैल फासांची रांग लागलेली असते. मूळ दोष होता तिथेच आहे आणि आता टेन्शनही बिघडलंय. म्हणून टेन्शनला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्याआधी तपासायच्या गोष्टी फुकटच्या किंवा फार तर एका सुईच्या किमतीच्या आहेत, आणि दोष बहुतेक वेळा त्यांतच सापडतो.

पायाचं काळं मशीन असो, त्यालाच मोटर लावलेली असो किंवा नवं झिगझॅग मशीन असो, खालचं सगळं तिन्हींना लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

तुटलेलं टोक काय सांगतं

दोरा तुटल्यावर लगेच ओवायची घाई करू नका. सुईकडून तुटलेलं टोक इंचभर कापून घ्या आणि उजेडात धरा. रंगीत दोरा पांढऱ्या कागदावर, पांढरा दोरा काळ्या कापडावर ठेवला की नीट दिसतो. डोळ्यांना त्रास होत असेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहा.

टोक पिंजलेलं असेल, म्हणजे पदर सुटून झाडूसारखं झालं असेल, तर दोरा एका क्षणात तुटलेला नाही, घासत घासत झिजला आहे. अशा वेळी टोकाच्या मागचा तीन-चार इंच दोराही बोटांवरून फिरवा. तोही लवदार लागला तर सुईचं नेढं लहान पडतंय, खराब झालंय किंवा सुई उलटी बसली आहे.

टोक ब्लेडने कापल्यासारखं स्वच्छ असेल आणि मागचा दोरा गुळगुळीत असेल, तर वाटेत कुठेतरी धार आहे. सुई जिथून खाली जाते त्या प्लेटच्या भोकाच्या कडेला, खाली दोऱ्याचा फास पकडणाऱ्या शटलवर, खालच्या दोऱ्याची छोटी बॉबिन जिच्यात बसते त्या बॉबिन केसवर किंवा कापड दाबून धरणाऱ्या फूटच्या खालच्या बाजूला. गोधडीत जरीच्या काठाची साडी असेल तर ती जरही हे काम करू शकते.

टोक बारीक होत गेलेलं आणि गोगलगायीच्या शिंगासारखं वळलेलं असेल, तर दोरा ताणून तुटला. टेन्शन फार घट्ट असेल किंवा रीळ कुठेतरी अडत असेल. यातही रीळ आधी पाहा.

टोकाला बारीक कडक गोळी लागली, तर पॉलिएस्टरचा दोरा सुईच्या उष्णतेने वितळला आहे. घरच्या मशीनवर हे क्वचित होतं, कारखान्यातल्या जलद मशीनवर नेहमी.

आणि टोकाला यातलं काहीच दिसत नसेल, दोरा नुसता हाताने हलका झटका दिला तरी तुटत असेल, तर तो दोरा टाकून द्या. जुना दोरा कुठल्याही टेन्शनवर तुटणारच.

सगळा दोरा काढून पुन्हा ओवा

नुसती सुई पुन्हा ओवून चालत नाही. रिळापासून सगळा दोरा काढा. काढताना सुईकडून पुढे ओढा, रिळाकडून मागे नाही. मागे ओढला की लव आणि तुटके तंतू टेन्शनच्या चकत्यांमध्ये जाऊन बसतात.

ओवताना फूट वर उचललेला हवा. फूट वर असतो तेव्हा टेन्शनच्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्या मधोमध शिरतो. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या वरच तरंगतो. त्याला ताण मिळत नाही, खाली गोळा होतो, शटलमध्ये गुंततो आणि मग तुटतो. पाहणाऱ्याला वाटतं टेन्शन जास्त झालं, प्रत्यक्षात टेन्शन शून्य असतं.

टेन्शनच्या चकत्यांपाशी एक बारीक वाकडी तार असते, ती चेक स्प्रिंग. दोरा तिच्यात अडकलाच पाहिजे. नंतर वरखाली होणारी दांडी, म्हणजे टेक-अप लिव्हर. तिच्या भोकातून दोरा गेला नसेल तर चार टाक्यांत गुंता होतो. शेवटी सुईच्या वरची छोटी कडी. ही कडी पुष्कळ जण सोडून देतात, कारण तिच्याशिवायही मशीन शिवतं. पण तिच्याशिवाय दोरा सुईच्या चरात सरळ उतरत नाही आणि नेढ्याच्या कडेला घासत राहतो.

शिवायला सुरुवात करताना टेक-अप लिव्हर सर्वांत वर आणा. वरचा आणि खालचा दोरा चार-पाच इंच बाहेर काढून फूटखालून मागे घ्या आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत बोटाने दाबून धरा. थांबतानाही लिव्हर वर आणूनच कापड काढा. लिव्हर खाली असताना कापड ओढलं तर दोरा नेढ्यावर झटका खातो आणि पुढच्या वेळी पहिल्याच टाक्याला तुटतो. पायाच्या मशीनचं चाक सुरुवातीला उलटं फिरलं तरी हेच होतं. चाक नेहमी तुमच्या दिशेनेच फिरलं पाहिजे, म्हणून उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवून मगच पायडल दाबायचं.

सुई: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग

दोरा सुईत शिरतो आणि कापडात उतरतो, एवढं सरळ ते नसतं. प्रत्येक टाक्याला शटल दोऱ्याचा मोठा फास ओढून बॉबिनभोवती फिरवतं आणि लिव्हर तो पुन्हा वर खेचते. त्यातला टाक्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर दोरा खर्च होतो, बाकीचा परत जातो. म्हणजे दोऱ्याचा एकच तुकडा टिपेत बसण्याआधी नेढ्यातून वीस-तीस वेळा ये-जा करतो. नेढ्याला केसाएवढा जरी ओरखडा असला तरी तो तीस वेळा दोरा खरवडतो. टाका बारीक ठेवला की ही ये-जा आणखी वाढते. मजबुतीसाठी फार बारीक टाका घेणाऱ्यांचा दोरा जास्त तुटतो, तो यामुळे.

म्हणून सुई बदलायला मोडायची वाट पाहू नका. सात-आठ तास प्रत्यक्ष शिवण झाली की सुई बदला. गोधडी, जीन्स किंवा कॅनव्हास शिवत असाल तर त्याआधीच. टाचणीवर आपटलेली सुई सरळ दिसली तरी टाकून द्या. वापरलेली सुई तपासायची असेल तर तिचं टोक नखावरून हलकेच ओढा. नखावर रेघ उठली तर टोक वळलं आहे. सरळपणा पाहायला सुईची सपाट बाजू काचेवर ठेवा. सुई आणि काचेमधली फट टोकापर्यंत एकसारखी दिसायला हवी.

नंबर निवडताना कापडाइतकाच दोऱ्याचाही विचार करा. मलमल, व्हॉइल, रेशीम यांना ९ किंवा ११ नंबर. ब्लाउज, परकर, पॉपलीन, साधं सुती कापड यांना १४. चार-पाच थरांच्या गोधडीला १६. जीन्स आणि जाड पिशव्यांना १८. पाकिटावर हेच नंबर ७५/११, ९०/१४, १००/१६, ११०/१८ असे छापलेले असतात. होजिअरी आणि टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई घ्या. धारदार टोक विणीतला धागा तोडतं आणि टाके चुकवतं.

दोरा आणि नेढं जुळतंय का, हे पाहायची एक सोपी रीत आहे. सुई मशीनबाहेर काढा. फूटभर दोरा तिच्यात ओवा. दोन्ही हातांत दोरा ताणून एक टोक वर, एक खाली असा तिरका धरा, साधारण जिन्याच्या कठड्याएवढा तिरपा. सुई स्वतःच्या वजनाने सरसर खाली आली तर जोडी योग्य. मध्येच अडली, बोटाने ढकलावी लागली, तर एक नंबर मोठी सुई घ्या. दर नव्या रिळाला ही परीक्षा केली तर निम्मा त्रास शिवणाआधीच मिटतो.

सुई बसवताना तिची दांडी वर टेकेपर्यंत ढकला आणि मग स्क्रू आवळा. मिलिमीटरभर खाली राहिली तरी शटलचं टोक चुकीच्या जागी दोरा पकडतं. सुईला एका बाजूने लांब चर असतो आणि दुसऱ्या बाजूने दांडी सपाट असते. नियम एकच: ज्या बाजूने दोरा नेढ्यात शिरतो त्या बाजूला चर, आणि सपाट बाजू त्याच्या विरुद्ध. समोरून ओवायच्या नव्या मशीनमध्ये सपाट बाजू मागे जाते. काळ्या मशीनमध्ये दोरा बाजूने ओवला जातो, त्यामुळे शेवटची कडी कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठरवा. उलटी बसलेली सुई एकतर टाका घेतच नाही, किंवा घेते आणि दोरा पिंजून तोडते.

सुई विकत घेताना जुनी सुई सोबत न्या. घरगुती मशीनला एका बाजूने सपाट असलेली, ‘एचए’ मालिकेची सुई लागते. कारखान्यातल्या जलद मशीनला गोल दांडीची ‘डीबी’. दुकानदाराला नुसतं ‘सोळा नंबर द्या’ म्हटलं तर तो दोन्हींतली कुठलीही देऊ शकतो.

दोरा निवडताना

दोऱ्याच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळावर, किंवा साध्या रिळावर टिकिट नंबर लिहिलेला असतो. आकडा मोठा तेवढा दोरा बारीक. १२० नंबरचा पॉलिएस्टर दोरा रोजच्या कपड्यांना पुरतो, ८० नंबर गोधडी आणि पडद्यांना, ४० जाड पिशव्यांना. सुती दोऱ्यात तीन पदरी दोरा दोन पदरीपेक्षा गोल आणि एकसारखा असतो, नेढ्यातून सहज जातो.

मुंबईत भुलेश्वरात किंवा घराजवळच्या मॅचिंगच्या दुकानात दोरा घेताना काचेच्या बाहेरच्या बाजूला, उन्हात मांडलेली रिळं घेऊ नका. ऊन सुती दोऱ्यालाही कमजोर करतं आणि नायलॉनलाही. रीळ उलगडून वीतभर दोरा दोन हातांत घ्या आणि झटका द्या. चांगला दोरा बोटाला काचतो, मग तुटतो. कमजोर दोरा न काचताच तुटतो. त्याच दोऱ्यावरून नख फिरवून गाठी आणि जाड-बारीक जागा लागतात का तेही पाहा. एखादी जाड गाठ नेढ्यात अडली की तिथे दोरा तुटणार हे ठरलेलं आहे.

हाताच्या शिवणाचा दोरा मशीनला लावू नका. हातशिलाईच्या काही दोऱ्यांवर मेणाचा किंवा खळीचा थर असतो. तो चकत्यांत साचतो आणि मग चांगला दोराही अडकून तुटतो.

पिळाचीही एक गोष्ट आहे. मशीनच्या दोऱ्यावरचा पीळ साधारणपणे इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या मधल्या तिरक्या रेघेसारखा असतो. मशीनची चाल या पिळाला धरून असते. उलट्या पिळाचा, म्हणजे ‘एस’ अक्षरासारखा पीळ असलेला दोरा शिवता शिवता उकलत जातो आणि त्याचे पदर सुटतात. भरतकामाचा किंवा क्रोशाचा दोरा मशीनला लावून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रिळापासून सुईपर्यंतची वाट

रिळाच्या प्लॅस्टिकला दोरा अडकवायची एक खाच असते. ती खाच वरच्या बाजूला आली की दर फेऱ्याला दोरा तिच्यात अडकतो आणि झटका बसतो. रीळ उलटं बसवून खाच खाली ठेवा. आडवा-तिडवा गुंडाळलेला दोरा रिळाच्या डोक्यावरून सुटला पाहिजे आणि एकावर एक सरळ गुंडाळलेला दोरा रीळ फिरत बाजूने. याच्या उलट केलं तर पिळात फरक पडतो आणि दोऱ्याला वेटोळी पडतात.

मोठा कोन मशीनच्या छोट्या खुंटीवर बसवू नका. तो टेबलाच्या मागे वाटीत किंवा स्टँडवर ठेवा आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, कोनच्या उंचीच्या दोन-अडीच पट वर दोऱ्याची कडी येऊ द्या. कडी बाजूला असेल तर दर फेऱ्यात एकदा ताण वाढतो. टिपेतल्या काही टाक्यांत दोरा घट्ट आणि काहींत सैल दिसतो, तो यामुळे.

मुंबईतल्या घरात मशीन बहुधा पंख्याखाली असतं, कारण दुसरी जागाच नसते. पंख्याचा वारा कोनवरचा सैल दोरा उडवतो, तो कोनच्या तळाशी जाऊन अडकतो आणि वर ताणून तुटतो. टोक वळलेलं, सगळं ठीक, तरी अधूनमधून तुटतोय, असं होत असेल तर आधी पंख्याकडे पाहा. कोनवर जुन्या पातळ मोज्याची नळी किंवा फळांवर येणारी जाळी चढवली तर दोरा जागेवर राहतो.

टेन्शनच्या चकत्या महिन्यातून एकदा साफ करा. फूट वर उचला आणि कोरड्या सुती कापडाची घडी किंवा जाड सुती दोरा चकत्यांमधून पुढे-मागे फिरवा. पिन, सुरी, ब्लेड काहीही आत घालू नका, चकतीवर पडलेला ओरखडा कायमचा असतो.

धार कुठे आहे, ते शोधणं

टोक कापल्यासारखं आलं तर ओरखडा डोळ्यांनी शोधत बसू नका. कापसाचा बोळा घ्या. इअरबडही चालतो. मशीन बंद करा, सुई काढा आणि बोळा दोऱ्याच्या वाटेवरच्या प्रत्येक धातूवरून हलकेच फिरवा: कड्या, लिव्हरचं भोक, फूटची खालची बाजू, प्लेटचं भोक, बॉबिन केसची कडा, शटलचं टोक. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील तिथे धार आहे.

सगळ्यात जास्त सापडते ती प्लेटच्या भोकात. जाड शिवणीवर सुई वाकून प्लेटला आपटते आणि बारीक चर पाडते. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर दोरीसारखा वळून भोकातून फिरवा आणि कडा गुळगुळीत करा. चर खोल असेल तर आधी हजार नंबर, मग दोन हजार. भोक मोठं होईल इतकं घासायचं नाही. प्लेट फार खराब असेल तर नवीच बसवा. शटलच्या टोकावर ओरखडा असेल तर तिथे मात्र स्वतः घासू नका. त्या टोकाचा आकार बदलला की ते फास पकडायचं सोडतं.

पावसाळा, खारा वारा आणि तेल

पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत मशीन वर्षभर झाकून ठेवलं तरी फारसं बिघडत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन आठवडे मशीन बंद राहिलं तरी सुईच्या नेढ्यात आणि बॉबिन केसच्या पट्टीखाली गंज येतो. समुद्राच्या बाजूच्या इमारतींत तर आणखी लवकर. गंजलेलं नेढं कानशीसारखं काम करतं. म्हणून पावसाळ्यात शिवण संपली की सुई काढून ठेवा किंवा मशीनच्या तेलाचं बोट तिच्यावरून फिरवा. दुसऱ्या दिवशी पहिली टीप चिंधीवर मारा, नाहीतर तेलाचा डाग कापडावर येईल. लोखंडी बॉबिनच्या कडाही तपासा, गंजलेली बॉबिन घासून वापरण्यात अर्थ नाही.

दमट हवा सगळ्या दोऱ्यांना सारखीच छळत नाही. सुती दोरा ओलाव्याने उलट थोडा मजबूत होतो, त्याला भीती बुरशीची. पॉलिएस्टरला ओलाव्याने जवळजवळ काही होत नाही. भरतकामाचा चमकदार रेयॉन दोरा मात्र ओला झाला की बराच कमजोर होतो. पावसाळ्यात मशीनवर भरतकाम करताना रेयॉन सारखा तुटत असेल तर तो रात्रभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून पाहा. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या पुड्या यासाठी साठवून ठेवा.

ओलावा लवेलाही बदलतो. सुती कापडाची लव एरवी फुंकर मारली तरी उडते. पावसात ती तेलात मिसळून नमद्यासारखी घट्ट बसते, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली आणि शटल फिरतं त्या कडीत. प्लेट काढून ब्रशने ती उचला. फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा आत जातो.

तेल मशीनचंच, पातळ पांढरं. खोबरेल तेल कधीही नाही. ते थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं, आणि चिकटलेलं शटल दोरा सोडायला उशीर करतं. गोडं तेलही नाही. ज्या मशीनमध्ये असं तेल घातलं गेलं आहे त्याचं शटल काढून रॉकेलने धुवावं, पुसून पूर्ण कोरडं करावं आणि मग मशीनच्या तेलाचा एक थेंब शटलच्या कडीत घालावा. रोज शिवत असाल तर हा एक थेंब रोज, नाहीतर सात-आठ तासांच्या शिवणीनंतर. नव्या काही मशीनना बाहेरून तेल घालायचं नसतं, तिथे मशीनसोबतचं पुस्तक सांगेल तेच करा.

मशीनवर गोधडी

हाताच्या धावदोऱ्याने शिवलेल्या गोधडीत दोरा तुटायचा प्रश्न फारसा येत नाही, कारण हात थराची जाडी ओळखतो. मशीनला ती ओळख नसते. चार जुन्या सुती साड्या आणि वर चिंध्यांचा थर म्हटला तर मधे पाच थर, पण चिंध्यांच्या जोडांवर सात-आठ आणि कडेला दुमड घेतली की बारा. सोळा नंबरची सुई पाच थरांतून सरळ जाते आणि बाराव्या थरात वाकते.

थर लावण्याआधी साड्यांचे जरीचे काठ उसवून किंवा कापून काढा. जुनी जर कडक झालेली असते आणि दोरा कापते. काठ देखणा आहे म्हणून ठेवायचाच असेल तर तो वरून हाताने लावा, मशीनची टीप त्यावरून नेऊ नका. मंगलदास मार्केटमधून आणलेलं कोरं कापड वापरत असाल तर आधी धुऊन त्याची खळ काढा. खळीच्या कापडात सुई घासत जाते.

सगळे थर जमिनीवर पसरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्चा टाका घाला. टाचण्या लावल्या तर मशीन जवळ येण्याआधी काढा. टीप मधोमध सुरू करून बाहेर जा. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, फूटचा दाब थोडा कमी. झिगझॅग मशीन असेल आणि सरळ टिपेची एका भोकाची प्लेट मिळत असेल तर ती लावा, कापड भोकात ओढलं जात नाही. पण मग झिगझॅगचं बटण चुकूनही फिरवू नका, सुई प्लेटवर मोडेल. वॉकिंग फूट असेल तर वरचा आणि खालचा थर बरोबर सरकतो, दोऱ्यावरचा तिरका ताण जातो.

दोरा तुटायचं सगळ्यात मोठं कारण मात्र गोधडीचं वजन. दहा बाय दहाच्या खोलीत मशीनच्या मागे भिंत आणि डावीकडे कपाट असतं. गोधडी टेबलावरून खाली लोंबते आणि तिचं सगळं वजन सुईला मागे किंवा बाजूला ओढतं. सुई वाकते, दोरा नेढ्याच्या कडेला घासतो, प्लेटला धक्के बसतात. डाव्या हाताला खुर्ची किंवा टेबलाएवढ्या उंचीचा खोका ठेवा आणि त्यावर गोधडी येऊ द्या. शिवायचा भाग सोडून बाकीची दोन्ही बाजूंनी गुंडाळा. दाते कापड पुढे नेत असताना मागून ओढू नका, नुसता हात ठेवा. जोड जवळ आला की पायडल सोडा आणि ते चार-सहा टाके चाक हाताने फिरवून घ्या.

दाते खाली करून, डार्निंग फूट (रफूचा फूट) लावून मोकळ्या हाताने नक्षी काढणाऱ्यांसाठी एकच गोष्ट महत्त्वाची आहे: हात आणि सुई यांचा वेग. हात पुढे धावला की सुई कापडात असतानाच वाकते आणि दोरा तुटतो. विशेषतः वळणावर, कारण तिथे पायाचा वेग नकळत कमी होतो आणि हाताचा होत नाही. उलट करा, वळणावर हात सावकाश आणि पायडल एकसारखं. वरचं टेन्शन नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा.

खालचा दोरा तुटत असेल तर

बॉबिन काठोकाठ भरू नका, कडेपासून थोडी रिकामी ठेवा. पॉलिएस्टर दोरा मोटरच्या पूर्ण वेगाने भरला तर ताणला जातो आणि नंतर बॉबिनवर आवळून बसतो. बाजूने बसणाऱ्या केसमध्ये बॉबिनची उघडी बाजू आपल्याकडे धरून दोरा ओढला की बहुतेक मशीनमध्ये ती घड्याळाच्या दिशेने फिरते. वरून बसणाऱ्या आडव्या बॉबिनमध्ये उलट्या दिशेने. केसच्या पट्टीखाली अडकलेला एखादा तंतूही खालचा दोरा तोडायला पुरतो. कागदाचा कोपरा पट्टीखालून फिरवून तो काढा.

आता टेन्शन

इथपर्यंत सगळं केलं आणि तरीही टोक ताणून तुटतंय, तर टेन्शन पाहा. आधी खालचं. बॉबिन केसमध्ये बॉबिन घालून दोऱ्याला केस लटकवा. ती स्थिर राहिली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिल्यावर दोन-तीन बोटं खाली घसरून थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर सैल, झटक्यालाही हलली नाही तर घट्ट. केसच्या स्क्रूला हात लावण्याआधी खाचेची दिशा दिसेल असा फोटो काढून ठेवा. फिरवायचा तो घड्याळाचा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच, मग पुन्हा लटकवून पाहा.

वरचं टेन्शन पाहायला फूट वर असताना सुईतला दोरा ओढा, तो सहज यायला हवा. फूट खाली करून ओढा, आता सुई किंचित वाकेल इतका विरोध जाणवला पाहिजे. आकड्यांची चकती असेल तर चारच्या आसपास सुरुवात करा. मग शिवायच्याच कापडाच्या दोन चिंध्यांवर, वर लाल आणि खाली निळा दोरा लावून टीप मारा. दोन्ही दोऱ्यांची गुंफण थरांच्या मध्ये लपली पाहिजे. वरून निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा घट्ट आहे, तो सैल करा. खालून लाल दिसले तर उलट.

जलद मशीनवर

धारावीतल्या किंवा साकीनाक्याच्या कारखान्यात मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं. जाड सिंथेटिक कापडात सुईचं तापमान दोनशे अंशांच्या पुढे जातं आणि पॉलिएस्टर साधारण अडीचशे-दोनशे साठ अंशांना वितळतो. मशीन चालू असताना दोरा सतत सरकत राहतो आणि थोडी उष्णता घेऊन जातो. कारागीर थांबला की तोच दोरा गरम नेढ्यात अडकून राहतो, म्हणून दोरा बऱ्याचदा थांबून पुन्हा सुरू करताना तुटतो. वेग कमी करा आणि दोरा सिलिकॉन तेलात भिजवलेल्या स्पंजच्या डबीतून जाऊ द्या.

कुठल्याही मशीनवर हे सगळं करूनही दोरा पिंजत असेल, टाके चुकत असतील किंवा दर काही टाक्यांनी ‘टक’ असा आवाज येत असेल, तर शटलची वेळ सरकली आहे. सुई सर्वांत खालून साधारण दोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वरून, सुईला जवळजवळ चाटून जायला हवं. दोघांमध्ये कागदाएवढीच फट. ही वेळ बसवणं मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम आहे. मशीन त्याच्याकडे नेताना तुटलेल्या दोऱ्याची तीन-चार टोकं कागदावर चिकटवून, टीप मारलेली चिंधी आणि शिवायचं ते कापड, दोरा, सुई असं सगळं सोबत द्या. त्याच्या दुकानातल्या दोऱ्यावर आणि पातळ कापडावर तुमचं मशीन कदाचित उत्तम चालेल.